पाटावरचे तीन पंप

मला राग लवकर येतो आणि हसूही लवकर येतं. दोन्ही एकदम आले की मग माझं मलाच आवरत नाही. गेल्या खंडेनवमीला हे सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत सलग चाललं होतं आणि त्याला कारण माझे तीन पंप.

आमच्या घरात समुद्र आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, पुढच्या खोलीत टीव्हीच्या जागी. मीठ कालवून केलेलं पाणी, त्यात प्रवाळ, दोन केशरी मासे, एक चिमुकला खेकडा आणि काचेवरचं शेवाळ चाटत फिरणाऱ्या गोगलगाई. मी शाळेत गणित शिकवते, लग्नबिग्न केलेलं नाही, आणि ही टाकी म्हणजे माझा संसार असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. जयसिंगपूरचा मामा पहिल्यांदा आला तेव्हा चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ माशांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यो तळून बरा लागंल का रश्श्यात?" त्या दिवसापासून तो आला की मी टाकीच्या आणि त्याच्या मध्ये खुर्ची टाकून बसते.

प्रवाळ दिसतं दगडासारखं, पण असतं जिवंत. त्यातलं एक हिरवं मी नखाएवढं आणलं होतं. चार वर्षांत ते तळहाताएवढं झालं. शाळेतून आले की आधी मी त्याच्यासमोर उभी राहते, मग चपला काढते. या जीवाला पाय नाहीत, त्यामुळे जेवण आणि हवा दोन्ही पाण्यानं त्याच्या दारात आणून द्यायची. म्हणून तीन पंप. एक खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीतून पाणी वर चढवतो आणि दोन काचेला बिलगून लाटा करतात. तिन्ही थांबले तर दोनतीन तासांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, आणि त्यांच्यामागोमाग बाकी सगळं जातं. पंपांवर चुन्याची पुटं चढतात, म्हणून मी ते दर तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये भिजवून घासते. एका वेळी एकच. हा नियम मी कपाटाच्या दाराला आतून लिहून चिकटवला आहे, कारण मी स्वतःला ओळखते.

आता आप्पांबद्दल. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं उद्यमनगरातल्या एका गाळ्यात स्वतःचा लेथ, लोखंड कातायचं यंत्र, चालवला. त्याच वर्षी उन्हाळ्यात ते चक्कर येऊन पडले, आणि डॉक्टरांनी त्यांच्या छातीत डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली, पेसमेकर बसवला. वेल्डिंगच्या जवळ जायचं नाही, मोठ्या चुंबकापासून लांब राहायचं. शेजारच्या गाळ्यात दिवसभर वेल्डिंगच चालायचं. म्हणून लेथ विकला, तो कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेला. टेम्पोत चढवताना आप्पांनी त्याच्यावर ताडपत्री नीट बांधली का ते तीनदा पाहिलं, आणि घरी येऊन जे खुर्चीत बसले ते बसलेच. भूक लागली का विचारलं तरी "बघू" म्हणायचे. माझा आरडाओरडा करणारा बाप असा "बघू" म्हणतो याचा मला इतका राग यायचा की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं आणि यंत्रं पुजतात. धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचं. आणि एकदा पुजलं की त्या यंत्राला सुट्टी. दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. विळीसुद्धा पाटावर जाते, म्हणून आई आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवते. आप्पा या बाबतीत फार कडक. तरुणपणी एकदा घाईचं काम म्हणून त्यांनी नवमीला लेथ चालवला आणि डाव्या हाताच्या करंगळीचं पेर गेलं. तेव्हापासून सूट नाही.

त्या सकाळी आईनं विळी, सुऱ्या, मिक्सर, इस्त्री असं सगळं मांडलं, तरी आप्पांचा मोठा पाट रिकामाच. लेथ नव्हता ना. ते पाटासमोर बसून होते आणि त्यांच्या हातात एक लांब पेचकस होता, तेवढाच. आईनं ते बघितलं. कुंकवाचा करंडा घेऊन आली, त्यांच्या सदऱ्याची दोन बटणं काढली आणि छातीवर जिथं ते यंत्र उचलून दिसतं तिथं हळद आणि कुंकू लावलं.

"ह्ये काय करतीस?" आप्पा म्हणाले.

"यंत्रच हाय की ते बी. त्याची पूजा कोण करणार, डॉक्टर?"

मला हसू फुटलं. आप्पांनीही मान खाली घालून छातीकडे पाहिलं आणि त्यांच्या मिशा हलल्या. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा. नवरदेवासारखे लाजले होते ते. मला एवढा आनंद झाला की आता काहीही मागा, असं मला वाटलं, आणि त्यांनी मागितलंच.

"तुझा त्यो डावा पंप घरघरतोय," ते म्हणाले. "बेअरिंग गेलंय."

"आप्पा, त्यात बेअरिंग नसतं."

"मग कशावर फिरतोय? नवसावर?"

ते उठले. पेचकसाचं टोक काचेला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकत राहिले. लेथचं बेअरिंग ते असंच ऐकायचे. मग म्हणाले, "काढ भाईर. तिन्ही काढ. धुऊ, पुसू, पाटावर मांडू. पाट मोकळा बरा दिसत न्हाई."

एका वेळी एकच, हा नियम कपाटाच्या दारावर आतून लिहिलेला होता, पण दार बंद होतं. मी तिन्ही काढले.

पुढचा तास म्हणजे नुसता धुमाकूळ. बादलीत पाणी आणि व्हिनेगर ओतलं, पंपांचे भाग सुटे करून त्यात टाकले, आणि चुना फसफसायला लागला. सगळ्या घराला चायनीजच्या गाडीचा वास. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलंसुद्धा, आज नूडल्स काय म्हणून. पंपांच्या आतले चुंबक असलेले पंखे मी आप्पांच्या छातीपासून लांब, माझ्याकडे ठेवले, बाकीची टोपणं, जाळ्या, नळ्या आप्पांकडे. ते जुन्या टूथब्रशनं एकेक खाच घासत होते आणि चाळीस वर्षं हेच करत आलेत अशा थाटात मला शिकवत होते.

"असा नको, गोल फिरीव. चुना ओरबाडायचा नसतो, सोडवायचा असतो."

मध्येच त्यांनी कुठूनशी ग्रीसची डबी काढली. मी झडपच घातली तिच्यावर. ग्रीसचा एक थेंब त्या पाण्यात गेला असता तर सगळंच संपलं असतं.

"अगं, मशीन कोरडं कसं चालंल?"

"पाण्यावर चालतं, आप्पा. पाणीच त्याचं वंगण."

"पाण्यावर," ते म्हणाले, आणि असे हसले की आई हातातला घेवडा टाकून बघायला आली. नवमीला विळी नाही, त्यात आदल्या दिवशीच्या चिरण्यात घेवडा राहून गेलेला, म्हणून ती शेंगा हातानं मोडत बसली होती. मीही हसत सुटले. गोगलगाईंनासुद्धा काहीतरी कळलं असेल.

तीन पंप लखलखीत होऊन पाटावर बसले. आप्पांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. लाइट गेल्यावर वापरायचा माझा छोटा बॅटरीचा पंप कपाटात दिसला, तोही त्यांनी आणून चौथा मांडला. उदबत्ती लावली. मी हात जोडले आणि म्हणाले, "चला, आता लावू या परत."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "लावायचं कसं? पुजलंय की. आता उद्या."

मी या गावची, या घरातली, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी वाद घातला. पंखा चालू आहे, फ्रिज चालू आहे, असं म्हटलं. "त्यांची पूजा केल्याली न्हाई," आप्पा म्हणाले, "पुजलं की थांबवायचं." आणि करंगळी वर केली. करंगळी वर आली की आमच्या घरात कुठलाही वाद संपतो. मी बळजबरीनं पंप उचलू शकले असते. पण उन्हाळ्यापासून गप्प बसलेला माणूस त्या दिवशी हसला होता, आणि त्याच्या पाटावर हात घालायचं माझ्या जिवावर आलं. आणि मागं काचेत पाणी एकदम निपचित. प्रवाळाचे हिरवे तुरे हळूहळू आत जायला लागले होते.

मार्ग आईनं काढला. "हात काय यंत्र न्हाईत," ती म्हणाली आणि देवघरातला तांब्या घेऊन आली. पाणी भरायचं आणि उंचावरून परत टाकीत ओतायचं, म्हणजे हवा मिसळेल. कल्पना उत्तम होती, पण तो तांब्या तांब्याचा होता, आणि तांबं म्हणजे प्रवाळाला विष. मी किंचाळले. आई दचकली. शेवटी न्हाणीघरातला निळा प्लास्टिकचा मग स्वच्छ धुऊन घेतला आणि आमचं कुटुंब पाळी लावून समुद्र हलवायला लागलं.

शंभर मग माझे, शंभर आईचे, पन्नास आप्पांचे. मी मोठ्यानं मोजत होते, पाढे म्हटल्यासारखे. आईनं पदर खोचला होता आणि ती दर दहा मगांनंतर माशांना "घे बाबा, श्वास घे" म्हणत होती. खोलीभर खारं पाणी उडालेलं, मांडीला चिकटणारं. एकीकडे मला हसून हसून पोटात दुखत होतं आणि एकीकडे भीती वाटत होती, कारण दोनच्या सुमाराला एक मासा वर आला आणि पाण्याच्या कडेला तोंड उघडझाप करू लागला. हिरवं प्रवाळ पार मिटून गेलं होतं. चार वर्षांचा माझा तळहात नुसता दगड दिसत होता.

तेव्हा मला खरा राग आला आणि एक वाक्य जिभेवर आलं. पुजलेलं थांबवायचं असतं ना, मग सकाळी छातीवर कुंकू लावलंय त्याचं काय? ते वाक्य पुरतं तयार होतं, धार लावून. मी हातातला मग खाली ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि थंड पाण्याचा पेला पूर्ण संपेपर्यंत तोंडाला लावून ठेवला. बापाला असलं बोलायचं नसतं. विचार आला याचीच मला लाज वाटली आणि रडू आलं, आणि बाहेर आईचा आवाज येत होता, "एकेचाळीस, बेचाळीस."

मी परत आले तेव्हा आप्पांची पाळी होती. सदरा काढून बनियनवर उभे होते, घामाघूम. निळा मग उचलायचा, ओतायचा. मध्येच थांबून त्यांनी गळ्याखालचा घाम तळव्यानं पुसला आणि तळवा बघितला. लाल झाला होता. ते त्या लाल हाताकडे बघत राहिले. मग हळूच छातीवर, त्या यंत्रावर बोटं टेकवली.

"ह्येला बी सकाळी पुजलंय की," आप्पा म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "मीच पुजलंय."

"आणि चालूच हाय."

"चालूच ऱ्हाणार," आई म्हणाली.

आप्पांनी हातातला मग बाजूला ठेवला. पाटापाशी गेले, सगळ्यांत मोठ्या पंपाला हात जोडले आणि ओल्या फडक्यानं त्याच्यावरचं आणि बाकी दोघांवरचं हळदकुंकू अगदी कोपऱ्याकोपऱ्यातून पुसलं, माझ्या पाण्यात जाऊ नये म्हणून. "चुंबकाचं तू बघ," म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले. मी पंखे बसवले, पंप लावले, घाईत एक टोपण दोनदा पडलं. बटण मात्र त्यांनी दाबलं. एक क्षण काहीच नाही, आणि मग पाणी वर चढून धबधब्यासारखं टाकीत पडलं. आप्पांनी पेचकस काचेला लावला, मूठ कानाला.

"गोड चाललाय," ते म्हणाले.

मासा पंधरा मिनिटांत खाली गेला. हिरव्या प्रवाळानं मात्र संध्याकाळपर्यंत मला टांगून ठेवलं. दिवेलागणीला एका कडेचा एक तुरा बाहेर आला, मग दुसरा. आप्पा खुर्ची ओढून काचेसमोरच बसले होते आणि मला हाका मारमारून सांगत होते, तिसरा आला, चौथा आला. जेवायला येता का विचारलं तर ओरडले, "दिसत न्हाई काय, कामात हाय." मी भांडी न आपटता स्वयंपाकघरात उभी राहिले आणि पोटभर रडून घेतलं. मग हसले.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरली. मिक्सर खडखडला, विळीवर कांदा चिरला, बॅटरीचा पंप कपाटात गेला. आप्पा अंघोळ करून आले, सदऱ्याची बटणं लावता लावता थांबले आणि छातीकडे बोट करून म्हणाले, "सगळ्यास्नी सुट्टी मिळाली. ह्येची तेवढी ऱ्हायली."

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "साठू दे त्याच्या सुट्ट्या."

आप्पांनी वरचं बटण लावलं आणि मला विचारलं की पुढची धुलाई कधी. मी तीन महिन्यांनंतरची तारीख सांगितली. त्यांनी उठून ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं लिहिली, आणि खाली लिहिलं, एका वेळी एकच.