लाल बटणाची गाडी

माझे सासरे चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजूनही कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टच्या दाराला कान लावतात आणि मग ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडे जिन्याने जातात. लिफ्टची तब्येत कळल्यावर तिच्यात बसायचा धीर होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला एकच काम उरलं, ते म्हणजे त्यांची जुनी गाडी. आणि सासूबाईंनी नेमका त्यावरच घाला घातला होता. झालं असं, की सासऱ्यांनी मागे एकदा हॉर्न दुरुस्त केला आणि पुढचा महिनाभर गाडी डावीकडे वळवली की आपोआप ओरडायची. तेव्हापासून सासूबाईंचा हुकूम होता, की गाडीला घरच्या माणसाने हात लावायचा नाही. पुढे सिग्नलला थांबलं की इंजिन तापून वाफा यायला लागल्या, तेव्हा त्यांनी भंगारवाल्याचा नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवला. पुढच्या रविवारी चढावरच्या मावशींकडे जायचं होतं. वाटेत वाफ दिसली, तर सोमवारी भंगारवाला येणार. बोलणं संपलं.

सासरे फ्रिजसमोर उभे राहून तो नंबर वाचत राहिले. रडले नाहीत इतकंच. त्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि हातात टॉर्च दिला. म्हणाले, गाडी गॅरेजवाल्याने दुरुस्त केली असं सांगायचं. जावयाच्या शब्दावर सासू शंका घेत नाही. मी मुकाट्याने टॉर्च धरला, कारण मलाही त्या घरात जेवायचं होतं.

बॉनेट उघडून त्यांनी मीटर लावला. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट, रेडिएटरच्या पंख्यापाशी जेमतेम साडेनऊ. कंपनीने पंख्याची वीज दोऱ्यासारख्या वायरीतून, अख्ख्या गाडीला प्रदक्षिणा घालून आणली होती.

"तीन व्होल्ट वाटेतच खाल्ले," सासरे म्हणाले. "पंखा फिरत नाहीये, जावईबापू. जांभया देतोय."

मग दोन तास मी जे पाहिलं ते दुरुस्तीपेक्षा शस्त्रक्रियेच्या जवळचं होतं. बॅटरीपासून पंख्यापर्यंत बोटाएवढी जाड वायर, तिच्या तोंडाशी फ्यूज, मध्ये एक रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालणारा स्विच. जुन्या बारीक वायरीने आता फक्त रिलेला निरोप द्यायचा, ओझं वाहायचं ते जाड वायरीने. निगेटिव्हची तार गंजलेल्या पत्र्यावरून काढून थेट बॅटरीला. पंखा असा घोंघावला, की समोरच्या झाडाखालचं कुत्रं उठून गेलं.

एक अडचण राहिली. पंखा चालू करणारा रेडिएटरवरचा सेन्सर म्हातारा झाला होता, पाणी उकळल्यावर जागा व्हायचा. त्यावर उपाय म्हणून सासऱ्यांनी हाताने चालवायचं एक बटण बसवलं, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या खाली, दिसणार नाही असं. बटण होतं जुन्या लिफ्टमधलं, लाल, टपोरं, वर 'थांबा' लिहिलेलं. कित्येक वर्षं ते सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात पडून होतं. 'थांबा' दाबलं की पंखा सुरू. हे उलटं नाही का वाटत, असं मी विचारलं, तर इंजिनाचं तापणं थांबतं ना, म्हणाले.

चूक मात्र तिथेच झाली, आणि ती लिफ्टवाल्यालाच सुचावी अशी होती. लिफ्टमध्ये माणूस अडकला तरी आतला पंखा बंद पडता कामा नये, हे चाळीस वर्षं त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणून त्यांनी बटणाची वीज चावीवरून घेतलीच नाही, सरळ बॅटरीवरून घेतली. गाडी बंद केली, चावी खिशात टाकली, तरी बटण दाबलेलं असेल तर पंखा आपला चालूच.

दुसऱ्याच दिवशी बॅटरी उतरली. सासूबाईंना कळू नये म्हणून आम्ही दोघांनी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली. त्यानंतरही सासरे त्या आठवड्यात तीन-चारदा बटण विसरले, मला तसं कानात सांगितलंही, पण बॅटरी परत काही उतरली नाही. ते शेखी मिरवू लागले, की वायरिंगच असं टाकलंय, बॅटरीला पत्ताच लागत नाही. मला विजेतलं काही कळत नाही, म्हणून मी मान डोलावली.

रविवारी निघालो. सासरे गाडी चालवत, शेजारी सासूबाई, मागे मी, मांडीवर मावशींना द्यायची कुंडी घेऊन. चढाच्या पायथ्याशी गुपचूप बटण दाबायचं असा बेत होता. पण सासूबाई त्या दिवशी नवऱ्याकडे अशा टक लावून बघत बोलत होत्या, जशा लग्नानंतर कधी बोलल्या नसतील. सासऱ्यांचा हात दोनदा गुडघ्यापर्यंत गेला आणि दोनदा नुसतं खाजवून परत आला. पुढे ट्रक बंद पडला होता. अर्ध्या चढावर रांग थांबली. तापमानाची सुई वर सरकू लागली. सासरे खिडकीबाहेर बघत साळसूदपणे म्हणाले, की आज हवा छान आहे. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर हसूही.

सुई लाल पट्टीला टेकणार, इतक्यात सासूबाईंनी पदर सावरला, सासऱ्यांच्या गुडघ्यापलीकडे हात घातला आणि न बघता बटण दाबलं. पंखा घोंघावला.

"तुम्ही दोघांनी गाडी ढकलत नेलीत तेव्हापासून रोज कचरा टाकायला म्हणून खाली जाते आणि हे बंद करून येते," त्या म्हणाल्या. "आता चालू करायला लाजता कशाला?"

सासऱ्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले. मी कुंडीतल्या रोपाची पानं मोजू लागलो. सुई हळूहळू खाली येत होती, आणि तिघंही तिच्याकडेच बघत होतो.

"अगं, तुला कळलं कधी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"डब्यातून बटण गेलं त्याच दिवशी."

रांग हलली. सासऱ्यांनी गिअर टाकला, पण गाडी पुढे घेईनात. एखाद्या पोराने निकाल विचारावा तसं त्यांनी विचारलं, की सोमवारचं काय.

"गाडी राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "ते बटण तेवढं माझ्या बाजूला बसवा. दर वेळी वाकायला लागतं."