पांगाऱ्याची पाटी

मुलुंडला आमच्या कॉलनीच्या मागे टेकडी आहे. तिच्यावरून जंगलाकडे जाणाऱ्या पायवाटेवर सकाळी चालणारा आमचा एक कंपू होता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना नुसतं चालणं पचत नाही, काहीतरी समाजकार्य लागतं. म्हणून ठरलं, वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या झाडाला नावाची पाटी लावायची. पाट्या पत्र्याच्या, अक्षर माझं, हातोडीही माझीच. झाडांचं ज्ञान तेवढं बायकोचं. ते मी आपलं म्हणून सांगत होतो.

“खिळे नको रे ठोकूस,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. “सुतळीने बांध ना.”

“सुतळी एका पावसात कुजते.”

“मग दुसरी बांध. झाड कुठे पळून चाललंय?”

मी ठोकत राहिलो. ऐन झाला, मोह झाला, कुसुंब झाला. अकरावं झाड टेकडीवरचं सगळ्यांत उंच. पान एक नाही, नुसती लाल फुलं, खोडाला काटे. त्याची पाटी मी आदल्या रात्रीच रंगवून आणली होती: पांगारा.

“हा पांगारा नाहीये,” बायको म्हणाली. “काटेसावर आहे.”

“लाल फुलं, अंगावर काटे. पांगाराच.”

“अरे, खाली पडलेलं फूल तरी उचल! केवढं जाड आहे बघ. पांगाऱ्याचं वाघनखासारखं असतं.”

मागे कंपूतले चौघे उभे होते. त्यांतला एक हसला.

“पाटी रंगवून झालीये,” मी म्हणालो. जणू आता झाडानेच जुळवून घ्यावं.

पहिला घाव बेताचा होता, दुसरा चिडून, आणि तिसऱ्यात चोवीस वर्षांचा संसार होता. खिळा वाकला. मी आणखी जोरात हाणलं. आतून खोड घुमलं. वरच्या फांदीला काहीतरी काळं, ओल्या गोणपाटासारखं लोंबत होतं. ते मी तीन दिवसांपूर्वीच पाहिलं होतं आणि ‘जुन्या झाडांना अशा गाठी येतात’ असं सगळ्यांना समजावलंही होतं.

ती गाठ सुटली आणि खाली आली.

आग्या माश्या. आधी आवाज आला, मग आवाजच चावायला लागला. कानात, पापणीवर, ओठाच्या आत. चौघे उतारावरून अक्षरशः गडगडत गेले, एकाचं डोकं दगडावर आपटलेलं मी ऐकलं. मी हातोडी हवेत फिरवत होतो. ती माझ्याच गुडघ्यावर बसली. आणि मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी बायकोला एकच गांधीलमाशी चावली होती, तर तिचा घसा सुजून श्वास कोंडला होता. ‘पुन्हा चावली तर धावत दवाखान्यात आणा,’ डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं.

ती खाली पडली होती. केसांत माश्या वळवळत होत्या. मी तिच्यावर आडवा झालो, पण माझ्यासारख्या रुंद माणसाच्या खालूनही त्यांना वाट सापडत होती. तिचे ओठ निळे पडत होते आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

“ऊठ! उचल तिला! पडून काय राहिलास?”

वाटेच्या वळणावर पाड्यातल्या एका मावशीचं झोपडं आहे. ती डोक्यावरून घोंगडी घेऊन, पेटत्या ओल्या पाल्याचा धूर नाचवत, ओरडत आली. बायकोचे पाय तिने धरले, काखा मी. झोपडीत शिरलो आणि तिने दार लावलं. माश्या दारावर गारांसारख्या आपटत होत्या. आत शिरलेल्या माश्या मावशीने तळहाताने भिंतीवर चिरडल्या.

“वर बघितलंस का रे ठोकायच्या आधी?” तिने विचारलं. मी बायकोच्या केसांतल्या माश्या उपटत होतो.

आवाज जरा विरळ होताच घोंगडीत गुंडाळून बायकोला खाली आणलं. रिक्षावाल्याने एकही सिग्नल पाळला नाही. दवाखान्यात इंजेक्शनं, ऑक्सिजनचा मास्क. कंपूतले चौघेही तिथे पोचले होते, एकाच्या डोक्याला टाके पडत होते. मला खुर्चीवर बसवून नर्स चिमट्याने काटे काढत होती, आणि मी पडद्यापलीकडची शिट्टी ऐकत होतो. ती चालू होती तोवर ती जिवंत होती. मग शिट्टी थांबली. मी चिमट्यासकट उठलो.

“बसा हो काका,” नर्स म्हणाली. “घसा मोकळा झालाय त्यांचा.”

पडद्यामागून घोगरा आवाज आला, “सावर आहे ती.”

पावसाळा उलटल्यावर मी पक्कड घेऊन निघालो. बायको सोबत आली. ‘येऊ नकोस’ म्हणायची माझी लायकी उरली नव्हती. दहा झाडांचे खिळे उपटले. सावरीला आता पानं होती, प्रत्येक पान उघड्या पंजासारखं. पक्कड लावणार तेवढ्यात तिने माझी कॉलर धरली.

“आधी वर बघ.”

बघितलं. फांदी रिकामी होती. मी ओढलं. पाटी हातात आली, पण खिळा मधेच तुटला आणि अर्धा खोडात राहिला. तेवढ्या कटकन आवाजानेही तिचा हात गळ्याशी गेला.

“हातोडीने काढू का?” मी विचारलं.

ती माझ्या हातातली पाटी घेऊन उतरायला लागली. मी पक्कड खिशात घातली. खिळा अजून तिथेच आहे.