हमीदने पाळलेला शब्द

महिना होत आला. शाळेतून येऊन टोपी खुंटीला अडकवत होतो, तेवढ्यात पत्नीनं कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड हातात दिलं. अक्षर माझ्या धाकट्या भावाचं, माधवचं. ‘हमीदमास्तर गेले. चार दिवस ताप होता. शुक्रवारी माती दिली.’ मी जोत्यावर बसून राहिलो. हमीद माझा मित्र, आणि तो गेल्याचं मला माधवनं कळवावं... आमची सगळी हकीकत तेवढ्यातच आली.

हमीद आणि मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात एका बाकावर होतो. पुढं तो नाशकात, आपल्या गावी, मास्तर झाला, मी साताऱ्याला. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याच्याकडे जाई आणि बरोबर माधवला नेई. वडील लवकर गेल्यामुळे माधवला मीच वाढवलं होतं. तो बावीस वर्षांचा झाला तसं मी त्याचं लग्न ठरवलं. तो नाही म्हणाला, कारण सांगेना. शब्दानं शब्द वाढला, आणि एके सकाळी तो घरातून निघून गेला. वर्षानं कोणीतरी सांगितलं, हरिद्वारला बैराग्यांत पाहिला. आईनं अन्न टाकलं. मी बिनपगारी रजा घेतली आणि निघालो.

छत्तीस सालचा तो हिवाळा. हरिद्वार, अयोध्या, काशी, चित्रकूट, उज्जैन. अकरा आठवडे मी धर्मशाळांतून निजलो, राख फासलेल्या तोंडांत एक तोंड शोधत फिरलो. वाटेवरून हमीदला पत्रं टाकत होतो. काशीला त्याचं उत्तर मिळालं : ‘कुठंही जा, पण घरी परतण्याआधी नाशकाला ये. चार दिवस तरी राहा.’ मला वाटलं, दमलेल्या मित्राला बोलावतोय.

माघात नाशिकरोडला उतरलो तेव्हा टांग्यात चढायचं बळ नव्हतं. हमीदनं हात देऊन मला वर घेतलं. घरी त्याच्या बायकोनं, भाभींनी, पडद्याआडून सांगितलं, “भाईजान, पहिले आराम करा. बातें नंतर.” तीन दिवस मी नुसता झोपलो. जाग आली की जेवायचं, गोदावरीवर जाऊन पायरीवर बसायचं, पुन्हा येऊन निजायचं. आईला काय सांगायचं हे मनात जुळवत होतो आणि जुळत नव्हतं. हमीद मात्र रोज शाळा सुटली की कुठंतरी जाई आणि दिवेलागणीला धुळीनं भरून येई. कुठं जातोस, हे विचारण्याइतकंही त्राण मला नव्हतं.

चौथ्या दिवशी, रविवारी, तो म्हणाला, “गोविंदा, चल. देवळालीला जाऊन येऊ.”

मोटारीनं गेलो. कॅम्पातल्या बाजारात गोऱ्या सोल्जरांचे कपडे शिवणारं एक दुकान होतं. हमीद दाराशी थांबला. आत, मशीनवर वाकलेला माणूस उठून उभा राहिला. तो माधव होता. जाड झाला होता. मागच्या दारात एक बाई डोक्यावरचा पदर सावरत उभी होती. ती माधवची बायको; नाशकातली विधवा, आमच्या जातीची नव्हती, हे मला मागाहून कळलं. लग्नाला नाही म्हणण्याचं कारण तीच.

माधव पाया पडायला वाकला, पण मला त्याच्यावर रागवायचं सुचलंच नाही. मी वळलो तो हमीदवर.

“तुला ठाऊक होतं? अकरा आठवडे?”

“वर्षाहून जास्त,” तो म्हणाला. “ही जागाही मीच मिळवून दिली.”

“आणि मी तिकडं जटा उचकून बघत हिंडत होतो!”

“त्यानं माझ्याकडून शब्द घेतला होता. मी मोडला असता तर तो इथूनही गेला असता, गोविंदा. मग तुला खरंच हरिद्वारला शोधावा लागला असता.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “तू त्याच्या थोबाडीत मारलीस. एवढी पत्रं लिहिलीस, त्यात ते कुठं लिहिलं नाहीस.”

मी दुकानातल्या बाकावर बसलो. हमीद तीन दिवस रोज देवळालीला येत होता तो माधवला एवढंच विनवायला, की एकदा भेट. तिसऱ्या दिवशी माधवनं मान हलवली होती... त्या बाईनं चहा पुढं केला. मी तो घेतला. बशीत ओतून संपवला.

माधव घरी आला नाही. मीही आग्रह केला नाही. पण आईला सांगता आलं की तो आहे, धडधाकट आहे. तिनं सुनेची जात विचारली नाही. पुढं दोन वर्षांनी ती गेली तेव्हा माधव तिच्या उशाशी होता. हे सारं हमीदमुळे, आणि मी त्याला ते कधी सांगितलं नाही. वर्षभर तर त्याच्या पत्रांना दोन ओळींत उत्तरं दिली. पुढं राग निवळला, पण तसं लिहायचं राहून गेलं. भेटू तेव्हा बोलू, असं वाटत राहिलं. माणसं दमतात तशी मैत्रीही दमते; तिलाही विसावा लागतो, एवढंच समजून मी दिवस काढले.

गेल्या आठवड्यात नाशकाला जाऊन आलो. माधव बरोबर होता. भाभी पडद्याआडून बोलल्या, मी ऐकलं, आणि निघालो. हमीदची एक रीत होती. पाहुणा निघाला की तो गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा आणि टांगा वळेपर्यंत तिथंच उभा राहायचा, ऊन असो, पाऊस असो. घरात कितीही काम असलं तरी त्याआधी मागं फिरायचा नाही.

टांगा सुटला. सवयीनं मी मागं वळून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी, काळ्या बुरख्यात, भाभी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना उंबऱ्याबाहेर मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी हात जोडले. टांगा वळला तोवर त्या हलल्या नाहीत.