अकरा दसऱ्यांचं ग्लायडर

जुनं ग्लायडर बघायला तिरोड्याला चालले आहे, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा दोनच प्रश्न आले. ग्लायडर म्हणजे काय, आणि ते तिरोड्यात काय करतंय? दुसऱ्याचं उत्तर मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. पहिल्याचं देते, कारण ते पुढे लागेल. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. जमिनीवरचं एक यंत्र त्याला लांबलचक दोराने पतंगासारखं वर ओढतं. पुरेशी उंची मिळाली की वैमानिक पोटाखालच्या हुकातून दोर सोडतो, आणि पुढचं सगळं हवेच्या मर्जीवर. हे जे विकायला होतं ते वरच्या जातीचं, एकट्याने उडवायचं, जर्मन बनावटीचं. तिरोड्यावर एक किलोमीटर उंचीवर असलात तर त्यातून तुम्ही आरामात गोंदिया गाठाल, आणि तिथे पोचल्यावर उतरायचं की नाही याचा विचार करण्याइतकी उंची हाताशी उरेल. आमच्या क्लबचं शिकाऊ ग्लायडर त्याच्या निम्मंही जात नाही. ते उतरतं, एवढंच त्याच्याविषयी खात्रीने सांगता येतं.

खरेदीत माझा भागीदार अनिरुद्ध. आम्ही नऊ वर्षं एकाच क्लबात उडतो. त्याने आठ फोटो बघून निर्णय घेऊन टाकला होता आणि ग्लायडरला नावही ठेवलं होतं. बघायला मात्र मी जावं, असं त्याचं म्हणणं. "तुला दोष सापडतात," तो म्हणाला. ही स्तुती होती की तक्रार, याचा विचार मी भंडाऱ्यापर्यंत केला. माझं वय सेहेचाळीस. असं ग्लायडर आमच्या ऐपतीत पुन्हा येण्याची शक्यता मी भौतिकशास्त्राची शिक्षिका म्हणून शून्याच्या जवळ धरते. आणि हो म्हटलं, तर त्या दोराच्या टोकाला अनिरुद्ध आणि मी आळीपाळीने लटकणार होतो. माझ्या पिशवीत चौसष्ट प्रश्नांची यादी होती.

फेब्रुवारीतल्या शनिवारी सहाला नागपूर सोडलं. तिरोड्याला तुमसरवरून जवळ पडतं, पण मी मुद्दाम साकोली-कोहमारावरून गेले. ग्लायडर पंख काढून नऊ मीटरच्या ट्रेलरमध्ये ठेवतात आणि ट्रेलर गाडीमागे बांधून नेतात. तो परत आणताना कोणत्या वळणावर अडकेल, हे मला आधी बघायचं होतं. म्हणजे घ्यायचं की नाही हे ठरायच्या आधी मी ते घरी आणण्याचा रस्ता मोजत होते. हे माझ्या लक्षात आलं साकोलीच्या पुढे, आणि मी त्याकडे दुर्लक्ष केलं. रस्ता उत्तम आहे. जंगलाच्या पट्ट्यात वेग कमी ठेवा.

कोहमाऱ्याच्या चौफुलीवर ट्रकवाल्यांची गर्दी असलेला ढाबा बघून थांबले. पोहे, वरून चण्याची तर्री, आणि चहा. साठ रुपयांत दुपारपर्यंत भूक लागत नाही. गल्ल्यावरच्या मालकाने सहज विचारलं, कुठं चालल्या. मी सांगितलं. तो गल्ला सोडून माझ्यासमोर येऊन बसला.

"पटलेजीच्या मिलातला जहाज? मी दोनदा मागतला त्यांना."

त्याला ते ढाब्याच्या छतावर बसवायचं होतं, चारी बाजूंनी लाइटिंग करून. रायपूरकडून येणाऱ्याला दोन किलोमीटरवरून दिसलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. मी काय काय तपासणार, हे त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमाले नाही पटलं तर सांगजा," तो म्हणाला. "आमाले उडवाचा नाही, टांगाचा आहे."

माझ्या चौसष्ट प्रश्नांचा त्याच्याकडे एकच झाला होता: दोरीला पेलेल का? गोरेगाव येईपर्यंत मला त्याचा हेवा वाटत राहिला.

पटले काकांची राइस मिल तिरोड्याच्या जरा अलीकडे आहे. काका सत्तरीचे, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. तरुणपणी ते परराज्यातल्या एका क्लबात उडायचे. तो क्लब बंद पडला तेव्हा ग्लायडर त्यांनी विकत घेतलं आणि ट्रेलरसकट मिलच्या शेडमध्ये आणून ठेवलं. त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ते एकदाही उडालेलं नव्हतं. स्टाफरूमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

शेडमध्ये तांदळाच्या कोंड्याचा गोडूस वास होता. मिलचा मिस्त्री फुलचंद आणि चार हमालांनी पंख बाहेर काढून तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गादीवर असे ठेवले, की मला क्लबातली आमची धसमुसळी पोरं आठवून लाज वाटली. पंख आरशासारखे होते. ते माझ्या यादीत संशयाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं: फार चकाकत असल्यास का, ते विचारणे. विचारलं. फुलचंद दर महिन्याला पुसतो, असं उत्तर मिळालं.

मग लॉगबुक, म्हणजे ग्लायडरची जन्मापासूनची वही. तारीख, उड्डाणाचा वेळ, दुरुस्ती, शेरा. मी सगळे आकडे माझ्या वहीत उतरवले, बेरजा पुन्हा केल्या. काकांच्या काळातली तीन जोराची लँडिंग नोंदलेली होती, पुढे दुरुस्तीच्या सह्या होत्या. शेवटच्या उड्डाणानंतर पानं रिकामी, फक्त शेऱ्याच्या रकान्यात मराठीत काहीतरी घरगुती लिहिलेलं. दसरा, पूजा, असले शब्द दिसले. ते काही तांत्रिक नव्हतं. मी पान उलटलं.

नंतर मी एक रुपयाचं नाणं घेऊन पंख वाजवायला बसले. फायबरचे थर आतून सुटलेले असतील तर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. दर दोन बोटांवर एक टिचकी, पंधरा मीटरभर, वरून आणि खालून. हमाल काम टाकून बघत उभे राहिले. त्यांच्यातला एक म्हणाला, "मॅडम नारळ पारखून राहिल्या काय?" सगळे हसले. मी हसले नाही. पंखांना दोन तास लागले आणि एकही आवाज बद्द आला नाही.

दुपारी काकांच्या घरी जेवण झालं. चिन्नोर या इथल्या सुवासिक तांदळाचा भात, वरण, वालाच्या शेंगा घातलेलं वांगं. तो भात मी तीनदा घेतला. काकू म्हणाल्या, उडणाऱ्या बाईनं वजन बघावं. काका त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा मोकळं हसले.

दोष सापडला जेवणानंतर. धड बाहेर काढून एका कुशीवर पोत्यांवर निजवलं होतं. पोट तपासताना चाकाच्या पुढे, त्या दोराच्या हुकाभोवती, नाणं बद्द वाजलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा बद्द. भिंग लावलं तर हुकापासून निघालेल्या केसासारख्या चिरा, कोळ्याच्या पायांसारख्या. दोराने वर जाताना ग्लायडरचं सगळं ओझं त्या एका जागी येतं. तिथे दगा झाला तर यादीतले उरलेले त्रेसष्ट प्रश्न विचारायला कोणी शिल्लक राहत नाही.

खरं लिहायचं तर मला आधी बरं वाटलं. दोष सापडला, म्हणजे मी उगीच आले नव्हते. मग वाटलं की हे लपवलेलं आहे. एखादा अपघात झाला असणार, वहीत लिहायचा टाळला असणार, आणि एवढं चकाकवलंय ते त्यासाठीच. मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं, की हे पोटावर कधी आदळलं होतं का, जे लिहायचं राहून गेलं.

काकांनी तीन बोटं वर केली.

"मॅडम, माझ्या हातून तीनदा जोरात उतरलं. तिन्ही वेळा लिहिलंय. चौथ्यांदा उतरलं असतं तर चौथंही लिहिलं असतं."

मी म्हटलं, मग चिरा कुठून आल्या? काका गुडघ्यावर बसून हुकाजवळ बोट फिरवू लागले. तेव्हा मागून फुलचंद म्हणाला, "मालक, तिथंच तं फोडतो ना आपण नारळ."

काकांनी मान वळवली. "कायले तिथं?"

"मंग कुठं फोडू? बाकी सारा प्लास्टिकचा. लोखंड तेवढंच हाय. मशीनच्या लोखंडावरच फोडाचा म्हनून तुमीच सांगतलं."

या मिलची ती रीत आहे. दसऱ्याला प्रत्येक मशीनला हळद-कुंकू, झेंडूची माळ, आणि नारळ त्या मशीनच्याच लोखंडावर. भात भरडायच्या यंत्राला ते सोसतं. ग्लायडरही मिलच्या शेडमध्ये, म्हणजे मिलचंच. दर दसऱ्याला त्याला बाहेर काढून, असंच कुशीवर निजवून, पुसून, फुलचंदने त्याच्या अंगावरच्या एकुलत्या एका लोखंडावर नारळ फोडला होता. नेम चुकला की वार बाजूच्या फायबरवर. अकरा दसरे.

काकांनी माझ्याकडे लॉगबुक मागितलं आणि मी उलटलेलं पान उघडून माझ्या हातात दिलं. सगळं लिहिलेलं होतं. *दसरा. पूजा केली.* पुढच्या वर्षी: *पूजा केली. नारळ गोड निघाला.* आणि सातव्या वर्षी, त्याच नीट अक्षरात: *पूजा केली. नारळ सहा वारांत फुटला.*

इतकी प्रामाणिक वही मी आजवर पाहिलेली नाही. तिच्यातले सगळे आकडे मी उतरवून घेतले होते आणि वाचता येणारं तेवढं सोडून दिलं होतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, चीर तर आहे ना, माफी कशाला?

संध्याकाळी ते मला बोदलकसाला घेऊन गेले. तिरोड्याला आलात तर हा तलाव चुकवू नका. रस्ता अरुंद आहे, पण गाडी जाते. काठावर मासेमारीच्या डोंग्या ओढून ठेवलेल्या, आणि वर चार घारी पंख न हलवता गोल गोल चढत होत्या. आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत बोललो, एकमेकांकडे बघणं टाळता येत होतं म्हणून. ढाबेवाल्याला तुम्ही काय उत्तर दिलंत, मी विचारलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, ते म्हणाले.

"तिथं टांगलं तर रोज हजार लोक बघतील. मला मात्र कोहमाऱ्यावरून जाणं बंद करावं लागेल."

मी काहीच वचन दिलं नाही. एवढंच म्हटलं, की आमच्या क्लबचे तपासनीस येऊन हुकाची जागा उघडून बघतील, तोवर थांबा. काका म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबतो. मग म्हणाले, "या वर्षी पूजा करू की नको?"

मी घारी पुन्हा मोजल्या.

गोंदियातलं लॉज बाराशेला मिळालं, स्वच्छ होतं. मॅनेजरने हिंदीत विचारलं, मॅडम, राइस के काम से आए हैं? मी हो म्हटलं. रविवारी परतताना कोहमाऱ्याला थांबणं भाग होतं, कारण ढाबेवाला बाहेर उभा राहून रस्त्याकडेच बघत होता. मी त्याला चिरेचं सांगितलं. सांगावं की नाही, यावर मी गोरेगावपासून वाद घालत होते, कारण ऐकल्यावर त्याला ते स्वस्तात मागता आलं असतं. त्याने विचार करून म्हटलं, मंग तं टांगाच्याच लायकीचा आहे. त्याने पोह्यांचे पैसे घेतले नाहीत. पेट्रोल, टोल, लॉज, जेवण धरून सगळी सहल साडेचार हजारांच्या आत झाली.

घरी येऊन मी अहवाल लिहिला. त्रेसष्ट प्रश्नांपुढे 'ठीक', एकापुढे दोन पानं. अनिरुद्धने फक्त शेवटची ओळ वाचली आणि विचारलं, म्हणजे घेतोय ना? एप्रिलमध्ये तपासनीस तिरोड्याला गेले. तळव्याएवढा भाग मोडलेला निघाला, दुरुस्त होण्यासारखा. आतून त्यांनी नारळाच्या काथ्याचा एक पुंजका काढला आणि कागदात गुंडाळून माझ्यासाठी आणला. तो माझ्या टेबलावर आहे. दुरुस्ती झाली, व्यवहार झाला, ट्रेलर त्याच रस्त्याने आला आणि मी मोजलेल्या एकाही वळणावर अडकला नाही. अडकला तो आमच्या क्लबच्या फाटकात, जे मोजायचं मला सुचलं नव्हतं.

यंदाच्या दसऱ्याला पटले काका आणि फुलचंद क्लबावर आले. फुलचंदने गाडीच्या डिकीतून एक काळा दगड उतरवला. आमच्याकडच्या दगडांवर त्याचा भरवसा नव्हता. हळद-कुंकू झालं, माळ झाली. दगड ग्लायडरपासून दहा पावलं लांब ठेवून त्याने एका वारात नारळ फोडला. मग मी उडाले. वर गेल्यावर हुक उघडला तेव्हा टक्कन स्वच्छ आवाज आला. खाली दोन माणसं माना वर करून उभी होती, ती बराच वेळ हलली नाहीत.

उतरल्यावर मी लॉगबुकात वेळ लिहिली, बेरीज केली, पुन्हा तपासली. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवून वही काकांपुढे धरली. त्यांनी खिशातलं दुसरं पेन काढलं आणि त्याच नीट अक्षरात लिहिलं:

*पूजा केली. दगडावर.*