नामदिनाला कामावर बसलेला ट्रिफोन

स्तोयनाचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. सव्वीस वर्षं तिने मुरंब्याच्या कारखान्यात बरण्या तपासल्या. कारखाना बंद पडला, जाग यायची वेळ तीच राहिली. आता ती प्लोवदिव शहरातल्या एका कंपनीत बसून दुसऱ्यांच्या संगणकांवर पहारा करत होती. स्क्रीनवर अलर्टची रांग लागायची. त्यातली खरी घुसखोरी पकडायची, बाकीचे अलर्ट बंद करायचे. बसून केलेल्या कामाने कंबर जास्त दुखते, हे तिला इथेच कळलं.

ऑफिसातली पोरं लाल, म्हणजे गंभीर, तेवढे अलर्ट बघायची आणि पिवळे फिल्टर लावून एका झटक्यात उडवायची. स्तोयना प्रत्येक अलर्ट उघडून वाचायची.

"मावशी, या काही बरण्या नव्हेत," साहेब म्हणाला. साहेब म्हणजे कालोयान, वय सत्तावीस. "आज तुमचे उमेदवारीचे सहा महिने संपतात. दीडशे अलर्ट तरी बंद करा, नाहीतर कायम कसं करू तुम्हाला?"

"न बघता झाकणं लावली असती ना बाळा, तर तू लहानपणीच जुलाबाने आटोपला असतास."

पोरं खिदळली. स्तोयना मात्र नवव्याच अलर्टवर अडली. पिवळा होता. एका वाइन कंपनीचा भांडारप्रमुख ट्रिफोन सव्वादहाला कंपनीच्या सिस्टिममध्ये शिरला होता. पासवर्ड बरोबर, गाव तेच, फक्त संगणक नवा.

"नवा घेतला असेल. करा बंद," कालोयान म्हणाला.

"आज चौदा फेब्रुवारी. संत ट्रिफोनचा दिवस, म्हणजे प्रत्येक ट्रिफोनचा नामदिन, वाढदिवसाहून मोठा! वेली छाटायच्या, बुंध्याला वाइन पाजायची, उरलेली आपण प्यायची. आणि हा ट्रिफोन आज कामाला बसलाय? आपल्या देशात?"

तिने ट्रिफोनला फोन लावला. पलीकडे अकॉर्डियन वाजत होतं.

"कोण? या की इकडे, चीज भरलेली बनीत्सा गरम आहे!" ट्रिफोन ओरडला.

"तुम्ही संगणकावर आहात का?"

"बाई, मी नऊपासून मळ्यात आहे! एका हातात कात्री आहे. दुसऱ्यातलं विचारू नका!"

कालोयानने धावत जाऊन ट्रिफोनचं खातं गोठवलं. चोर तोवर कंपनीच्या फायलींची दोनच कपाटं उघडून बसला होता, तिसऱ्यात वाइनच्या गुप्त पाककृती होत्या.

संध्याकाळपर्यंत स्तोयनाचे एकतीस अलर्ट झाले. कालोयानने तिला कायम करायच्या कागदावर सही केली.

"पण मावशी, जरा वेग वाढवा."

"तू जरा कमी कर."

कायम नोकरीच्या पहिल्या चार पगारांतून तिने कधीचे पडलेले पुढचे दोन दात बसवून घेतले. दातांचा डॉक्टर घाई करतोय असं वाटून तिने मध्येच तीनदा आरसा मागितला.