सात एकांची संख्या आणि हारदे सर

किस्से काही कुणी जमवत नाही. किटलीच्या तळाशी चहाचा चोथा साठतो, तसे ते स्टाफरूममध्ये आपोआप साठतात. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी देवळाली प्रवरेच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. तिथला कुठलाही किस्सा घ्या, त्यात आमचे गणिताचे हारदे सर निघायचेच!

*

सर नंबर बघितल्याशिवाय एसटीत चढत नसत. तो मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच भागला जात नाही ना, हे आधी ठरवायचे. एकदा राहुरीच्या स्टँडवर कंडक्टरनं विचारलं, सर, येताय ना? सर म्हणाले, "थांब, सतरानं भागून बघतो."

भागाकार झाला तोवर गाडी गेली. सर चालत आले, तेही खुशीत!

*

मग त्यांना सात वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येनं पछाडलं. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा! इतकी देखणी संख्या मूळच असणार, असा त्यांचा जीव सांगायचा. पण खात्री करायची तर हजाराच्या वरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. रोज प्रार्थनेनंतर फळ्याच्या कोपऱ्यात एक भागाकार सुरू झाला. ही संख्या फुटली तर सरांचं काय होईल, याची आम्हालाच धास्ती.

*

दोनशे एकोणचाळीसनं भागायच्या दिवशी अचानक तपासनीस साहेब आले. हेडमास्तरांनी अर्धा भागाकार घाईघाईनं पुसून घेतला. साहेबांनी शेरा दिला, 'फळा स्वच्छ.' सर दिवसभर फुरंगटून बसले आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या संख्येला लागले.

*

पुढं ऊसतोडीच्या हंगामात सर पेढे घेऊन आले. आम्हाला वाटलं, लग्न ठरलं. छे! संख्या मूळ निघाली होती.

*

लग्नाचंच तर अवघड होतं. मुलगी बघायला गेले की पोहे संपवून सर विचारायचे, सात एकांची संख्या मूळ आहे, हे कसं दाखवशील? दोन ठिकाणांहून नकार आला. सरांच्या आई रडकुंडीला आल्या. पारनेरची कुसुम मात्र मॅट्रिक झालेली. ती म्हणाली, "आज न्हाई सांगत. करून बघते."

परतताना सर नंबर न बघताच एसटीत चढले. आम्ही काय ते ओळखलं.

*

लग्नाची पंगत बसली. घास भरवायच्या आधी नाव घ्यायचा आग्रह झाला. कुसुमवहिनींनी खाली बघत उखाणा घेतला:

"सात एकांना भागलं दोनशे एकोणचाळीसनं, बाकी उरलं न काही,
वसंतरावांचं नाव घेते, संख्या मूळ नाही!"

आईंनी पदर तोंडाला लावला. सरांनी हातातली जिलबी खाली ठेवली आणि ताटाभोवतीच्या रांगोळीत बोटानं भागाकार मांडला. बाकी शून्य आली. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

सरांनी मान वर केली. "आन् भागाकार आला, तो?"

"चार हजार सहाशे एकोणपन्नास. तो मूळ हाय," वहिनी म्हणाल्या. "आता जिलबी घ्या."