जुन्या खोलीतला चहा

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आमचं ऑफिस होतं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक मालवणी प्राणी बसायचा. हट्टी, तोंडाळ आणि मला भारी आवडणारा. त्यानं सी भाषेत एक लायब्ररी, म्हणजे बाकीच्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, लिहिली होती: मेमरीत ओळीनं मांडलेल्या कप्प्यांचा, यादी लांबत गेली की आपोआप वाढणारा अ‍ॅरे. जागा अपुरी पडली की तो सगळं बिऱ्हाड उचलून मेमरीत दुसरीकडे, मोठ्या जागेत मांडायचा. त्या लायब्ररीवर त्याचा पोटच्या पोरीसारखा जीव.

पण मेंबर वाढले की तिच्यावर चालणारा माझा हाउसिंग सोसायटीचा प्रोग्रॅम नावांच्या जागी कचरा छापायचा. तोही कधी छापायचा, कधी नाही. साहेबांनी त्याला सांगून टाकलं, "शनिवारी गिऱ्हाईक येतंय. हे सुधारलं नाही तर पर्मनंट व्हायचं विसर." नोकरी गेली तर हा मस्कतला मामाकडे जाणार होता.

"लायब्ररी बरोबर आहे," तो म्हणायचा. "वापरणारे गाढव आहेत."

"वापरणारी मी आहे रे!"

"म्हणूनच तर."

मग आम्ही बोलणंच टाकलं. म्हणजे भांडण सोडून काही बोलत नव्हतो.

गुरुवारी स्वारी हसतच आली. घाटकोपरची जुनी खोली सोडून त्याच्या घरच्यांनी मागच्याच चाळीत मोठी खोली घेतली होती. पुढे सून येईल, ही आईची दूरदृष्टी. आणि हा बाबा आदल्या संध्याकाळी सवयीनं जुन्याच खोलीत शिरला! दार उघडंच. चपला काढल्या, मोरीत पाय धुतले, खाटेवर डोळे मिटून आडवा झाला आणि म्हणाला, "आये, च्या दी गे." चहा आलाही. घेऊन आल्या त्या कुणी अनोळखी बाई. "घ्या भाऊ," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही कोण?"

ऑफिस हसून लोळत होतं. मी मात्र ओरडले, "अरे, हाच तुझा बग!"

"काय?"

"बिऱ्हाड हललं, पण तुझ्या पायांना जुनीच खोली ठाऊक. माझ्या प्रोग्रॅमचं तेच होतंय. तुझी लायब्ररी मला मेंबरचा मेमरीतला पत्ता देते, मी तो जपून ठेवते. मग अ‍ॅरे वाढतो, दुसरीकडे जातो, आणि मी जुन्या खोलीत जाऊन नाव मागते. तिथे आता भलतंच कुणी राहतं!"

तो हळूच म्हणाला, "म्हणजे पत्ता द्यायचाच नाही. नुसता यादीतला नंबर द्यायचा. तो नंबर आता कुठे राहतो, ते दर वेळी मला विचारायचं." आणि लगेच कुरकुरला, "स्लो होईल गं."

"होऊ दे!"

आपल्या लाडक्या लायब्ररीची एकेक फंक्शन त्यानं स्वतःच्या हातानं मोडलं आणि नव्यानं लिहिलं. शेजारी बसून मी माझा प्रोग्रॅम बदलत गेले. इतकं छान आम्ही कधीच भांडलो नव्हतो.

शनिवारी गिऱ्हाइकानं मेंबर टाकून टाकून यादी वाढवली. नावं झकास आली. साहेब त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "पर्मनंट." मला रडूच फुटलं.

संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी घुटमळला. "मस्कत कॅन्सल," म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "आईनं खोली जरा जास्तच मोठी घेतलीय. बघायला येतेस? पत्ता लिहून देऊ?"

"पत्ता नको," मी म्हटलं. "तूच घेऊन चल."

आणि त्या पठ्ठ्यानं, देवाशपथ सांगते, मला सरळ जुन्याच खोलीत नेलं. त्या बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यांनी दोन कप चहा टाकला.